विजेची मोटार, मोबाईलवरचा सौदा
शोरूमची पायरी न चढता गाडी घ्यावी का? पदरात काय पडते, हातून काय निसटते आणि कशाची खातरजमा करावी?

घर आणि जमीन सोडली, तर सामान्य कुटुंबाच्या हातून होणारी सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. आजवर तिची एक ठरलेली रीत होती. घरातला जाणता माणूस, ओळखीचा मेकॅनिक आणि एखादा मेहुणा किंवा भाचा असे तिघे-चौघे शोरूममध्ये जात. दारे उघडून-मिटून पाहत, एक चक्कर मारत, भावावरून घासाघीस करत, सीट कव्हर आणि मॅट फुकट पदरात पाडून घेत आणि मग बयाणा देऊन घरी येत.

आता ही रीत बदलू लागली आहे. कुवेत किंवा दुबईत नोकरी करणारा मुलगा रात्रीच्या जेवणानंतर मोबाईलवर मॉडेल निवडतो, रंग ठरवतो, बुकिंगची रक्कम भरतो आणि महाड-चिपळूणकडच्या घरी फोन करून सांगतो, "अब्बा, गाडी बुक केली." विजेवरच्या गाड्यांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण या गाड्या विकणाऱ्या अनेक कंपन्यांनी मधला विक्रेता वगळून थेट ग्राहकाशी व्यवहार करण्याचा मार्ग धरला आहे. सोय मोठी आहे. पण पैसा परदेशातल्या कित्येक वर्षांच्या कष्टाचा असतो आणि गाडी बिघडली तर ती ढकलावी लागते गावाकडच्या वडिलांना. म्हणून हा मार्ग नीट समजून घेणे गरजेचे आहे.

ही पद्धत आली कोठून?

मोटार कंपनीने गाडी बनवायची आणि स्वतंत्र डीलरने ती विकायची, ही व्यवस्था अमेरिकेत रुजली आणि तेथून जगभर गेली. कंपनीला गावोगावी दुकाने उघडण्याचा खर्च वाचला आणि ग्राहकाला जवळपास दुरुस्तीची सोय मिळाली. परंतु या नात्यात कंपनीचे पारडे नेहमीच जड राहिले. १९२०-२१ च्या मंदीत फोर्ड कंपनीने खप नसतानाही डीलरांच्या गळ्यात गाड्या मारल्या. पैसे भरा, नाहीतर डीलरशिप सोडा, असा तो मामला होता. अशा अनुभवांतून तेथील राज्यांनी डीलरांना संरक्षण देणारे कायदे केले. १९५६ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. त्यामुळे डीलरला मनमानीपणे काढून टाकणे अवघड झाले आणि पुढे अनेक राज्यांत मोटार कंपनीने ग्राहकाला थेट गाडी विकण्यावरच बंदी आली.

टेस्ला कंपनीने या व्यवस्थेला आव्हान दिले. तिने डीलर नेमलेच नाहीत. स्वतःची दुकाने काढली, किंमत संकेतस्थळावर जाहीर केली आणि मागणी तेथेच नोंदवून घेतली. तिचे म्हणणे असे की, पेट्रोल गाड्यांच्या दुरुस्तीवर ज्या डीलरचे पोट चालते, तो विजेची गाडी मनापासून विकणार नाही. या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही. दुरुस्तीचे काम कमी, म्हणजे डीलरची कमाईही कमी. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या, विधिमंडळांत गेल्या. मिशिगन राज्यात २०१४ मध्ये थेट विक्रीचा मार्ग बंद झाला आणि २०२० मध्ये तडजोड होऊन तो काहीसा मोकळा झाला. न्यू मेक्सिको राज्यात बंदी असल्याने कंपनीने २०२१ मध्ये मूलनिवासी जमातीच्या स्वायत्त जमिनीवर, एका बंद पडलेल्या कॅसिनोत, आपले केंद्र उघडले. टेक्सासची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्या राज्यात या कंपनीचे मुख्यालय आहे, मोठा कारखानाही आहे, पण तेथे दुकानात बसून ती गाडी विकू शकत नाही. ग्राहकाला ऑनलाइनच मागवावी लागते.

या वादात एक बाजू सर्वस्वी खरी आणि दुसरी सर्वस्वी खोटी, असे म्हणता येत नाही. डीलर दलाली घेतो हे खरे, पण कंपनीविरुद्ध ग्राहकाच्या बाजूने बोलणारा गावातला माणूसही अनेकदा तोच असतो.

खुद्द टेस्लालाही पूर्णपणे पडद्यावर जाणे जमले नाही. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर तिने जाहीर केले की, आता जगभर विक्री फक्त ऑनलाइन होईल आणि बरीच दुकाने बंद केली जातील. न पाहता गाडी घेणाऱ्याला धीर यावा म्हणून ७ दिवसांत किंवा १,००० मैलांच्या आत गाडी परत करण्याची मुभा दिली. पण दहा-बारा दिवसांतच निर्णय फिरवून अनेक दुकाने चालू ठेवावी लागली. २०२० मध्ये ती परत करण्याची मुभाही काढून घेण्यात आली. लोकांना दार उघडून पाहायचे असते, हा धडा यातून मिळतो.

आपल्याकडे काय घडते आहे?

भारतात ऑनलाइन विक्रीचा पहिला मोठा गाजावाजा मोटारीचा नव्हे, स्कूटरचा झाला. २०२१ मध्ये ओला इलेक्ट्रिकने ४९९ रुपयांत बुकिंग घेतले आणि सप्टेंबरमध्ये संपूर्ण विक्री आपल्या अ‍ॅपवरून सुरू केली. दोन दिवसांत ११०० कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या स्कूटर विकल्याचे कंपनीने सांगितले. पुढे काय झाले, हे अधिक शिकवणारे आहे. स्कूटर रस्त्यावर आल्या, तशा दुरुस्तीच्या तक्रारीही वाढल्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात १०,६४४ तक्रारी आल्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस दिली. बहुतांश तक्रारी सोडवल्याचे कंपनीचे उत्तर होते. डिसेंबर २०२४ पर्यंत तिने देशभर ४,००० दुकानांचे जाळे उभारल्याचे जाहीर केले. म्हणजे अ‍ॅपवर सुरू झालेला प्रवास अखेर दुकानाच्या पायरीशीच आला.

मोटारींत वेगवेगळे प्रयोग झाले. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतात वेगळी रीत आणली. गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा, बिल कंपनीचे, किंमत देशभर एकच आणि डीलर केवळ गाडी दाखवणारा व सेवा देणारा प्रतिनिधी. व्होल्वोने २०२२ मध्ये आपली विजेची मोटार ऑनलाइन विक्रीस ठेवली, तेव्हा १५० गाड्या दोन तासांत संपल्या. महिंद्राच्या दोन नव्या विजेच्या मोटारींची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ जणांनी नाव नोंदवले. टेस्लाने १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात पहिले केंद्र उघडले. तेथे गाडी पाहता येते, पण मागणी नोंदवायची ती कंपनीच्या संकेतस्थळावर. किंमत तेव्हा ५९.८९ लाख रुपयांपासून पुढे होती. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, पण तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. बुकिंगची २२,२२० रुपयांची रक्कम परत न मिळणारी ठेवण्यात आली.

टाटा, महिंद्रा, एमजी यांसारख्या कंपन्यांचा मार्ग मधला आहे. बुकिंग मोबाईलवर करता येते. पण गाडीचे बिल, नोंदणी आणि ताबा जवळच्या डीलरमार्फतच मिळतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचा संबंध याच पद्धतीशी येईल. म्हणून बुकिंग करण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा : बिल कोणाच्या नावाने फाटणार आहे, कंपनीच्या की डीलरच्या? उद्या तक्रार करायची वेळ आली, तर उत्तर देण्याची जबाबदारी या एका कागदावरून ठरते.

सर्वांना एकच भाव

ऑनलाइन खरेदीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे जाहीर किंमत. शोरूममध्ये गाडीची किंमत कागदावर एक असते आणि प्रत्यक्षात माणूस पाहून बदलते. ओळखीच्या माणसाला सूट मिळते, अनोळख्याला 'हँडलिंग चार्जेस' लागतात. कोणाच्या बिलात न मागितलेले अ‍ॅक्सेसरीजचे पॅकेज येते, तर कोणाला विमा शोरूममधूनच घ्यावा लागेल असे ठामपणे सांगितले जाते. वास्तविक विमा कोठून घ्यायचा, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे.

माणूस पाहून भाव ठरतो, ही नुसती तक्रार नाही. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक इयान एर्स यांनी शिकागो परिसरातील शोरूममध्ये वेगवेगळ्या लोकांना एकाच पद्धतीने बोलण्याचे शिक्षण देऊन पाठवले. त्यांचा अभ्यास १९९१ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या पुरुषांना जो भाव सांगितला गेला, त्याहून चढा भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितला गेला होता. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसून आले की, इंटरनेटवरून भावाची चौकशी करून गाडी घेणाऱ्या अल्पसंख्याक ग्राहकांच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. पडद्याला समोरच्याचे नाव, पोशाख आणि बोलण्याची ढब दिसत नाही.

आपल्या घरातल्या स्त्रियांसाठीही ही बाब छोटी नाही. शोरूममध्ये गाडी शिक्षिका असलेल्या मुलीसाठी घ्यायची असली, तरी विक्रेता बोलतो तो तिच्या भावाशी. मोबाईलवर मात्र ती स्वतः चार गाड्यांची तुलना करते, हप्त्यांचा हिशेब मांडते आणि कोणाच्या घाईशिवाय ठरवते.

पडद्यावर न दिसणाऱ्या गोष्टी

आता दुसरी बाजू. विजेच्या मोटारीबाबत काही गोष्टी प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळतच नाहीत.

पहिली गोष्ट बसण्याची. या गाड्यांची बॅटरी बहुधा तळाखाली असते. त्यामुळे काही गाड्यांत, विशेषतः पेट्रोल गाडीच्याच सांगाड्यावर बनवलेल्या गाड्यांत, मागच्या आसनासमोरची जमीन उंच येते. गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. तरुणाला ते जाणवणार नाही, पण गुडघेदुखी असलेल्या अम्मींना चिपळूणहून मुंबईपर्यंतचा प्रवास नकोसा होईल. फोटोत हे दिसत नाही.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. एका चार्जमध्ये गाडी किती चालते, याचा जाहिरातीतला आकडा ठरावीक चाचणीतला असतो. रस्त्यावर तो कमी होतो. वातानुकूलन, पाच माणसे, सामान आणि घाट या सर्वांचा तो परिणाम. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा चाचणीतला आकडा ४८९ किलोमीटर आहे. पण प्रत्यक्ष वापरात सुमारे ३५० ते ३७० किलोमीटर धरावेत, असा अंदाज खुद्द कंपनीच देते. म्हणून जाहिरातीतल्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करूनच प्रवासाचा बेत आखावा.

तिसरी गोष्ट चार्जिंगची. घरच्या १५ अँपिअरच्या साध्या प्लगवरून तासाला साधारण ३ युनिट वीज गाडीत जाते. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल, तर ती भरायला दहा तास किंवा थोडे अधिक लागतात. रात्रभर गाडी उभी राहणार असेल, तर एवढे पुरते. पण त्यासाठी वायरिंग जाड हवे, अर्थिंग चोख हवे आणि गाडी उभी राहते तेथपर्यंत वीज पोहोचायला हवी. भिंतीवरचा मोठा चार्जर बसवायचा असेल, तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावसारख्या दाट वस्तीत, जेथे गाडी गल्लीत उभी राहते, तेथे हा प्रश्न गाडीच्या किमतीहून मोठा ठरतो. सोसायटीत राहत असाल, तर बुकिंगच्या आधी सोसायटीची लेखी संमती घ्यावी.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व्हिस सेंटर. पेट्रोल गाडी कोपऱ्यावरचा मिस्त्री दुरुस्त करतो. विजेच्या गाडीच्या उच्च दाबाच्या यंत्रणेला शिक्षण न घेतलेल्या माणसाने हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून कंपनीचे केंद्र किती लांब आहे, तेथे विजेच्या गाडीचे काम करणारा तंत्रज्ञ आहे का आणि गाडी बंद पडल्यास ती उचलून नेण्याची सोय किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, हे फोन करून विचारावे. शक्य झाल्यास एकदा त्या केंद्राच्या दारात उभे राहून तेथून बाहेर पडणाऱ्या दोन गाडीमालकांशी बोलावे. त्यांच्या दोन वाक्यांतून जे कळते, ते पन्नास जाहिरातींतून कळत नाही.

कोकणातल्या कुटुंबांनी पावसाचाही विचार करावा. बॅटरी पाण्यापासून सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे पुरात गाडी घालण्याचा परवाना नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. विमा घेताना पुराच्या पाण्याने बॅटरीचे नुकसान झाल्यास भरपाई मिळते का, हे पॉलिसीत लिहिलेले पाहावे. बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग आहे.

न पाहता केलेला सौदा आणि आपली फिकह

न पाहिलेली वस्तू विकत घेणे हा प्रश्न आपल्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वीच हाताळला आहे. हनफी मतात खरेदीदाराला 'खियार-ए-रुयत' आहे. वस्तू पाहिल्यावर व्यवहार कायम ठेवायचा की मोडायचा, हे तो ठरवू शकतो. शाफई मतात, आणि कोकणातील बहुसंख्य मुस्लिम घरे शाफई आहेत, अधिक प्रबळ मानले गेलेले मत असे की, न पाहिलेल्या ठरावीक वस्तूची विक्रीच वैध नाही. वस्तूचे गुण, प्रमाण आणि मुदत नेमके सांगून आगाऊ किंमत देण्याचा 'सलम' हा प्रकार मात्र दोन्हीकडे त्याच्या शर्तींसह मान्य आहे. वस्तूत दडवलेला दोष निघाल्यास ती परत करण्याचा 'खियार-ए-ऐब' हा हक्कही सर्वमान्य आहे. सौदा मोडल्यास विक्रेत्याने बयाणा ठेवून घ्यावा का, यावर मतभेद आहेत. बहुतेक फुकहांनी ते अमान्य केले, हंबली मतात त्याला मुभा आहे.

आपला विशिष्ट व्यवहार यांपैकी कशात बसतो, हे जवळच्या जाणकार आलिमांना करारपत्र दाखवून विचारावे. पण एक गोष्ट कोणालाही समजण्यासारखी आहे. या साऱ्या नियमांमागे एकच चिंता दिसते : घेणाऱ्याला काय मिळणार हे स्पष्ट असावे आणि फसगत झाल्यास माघारी फिरण्याचा रस्ता उघडा असावा. सूरह बकरातील २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. 'मी वाचले आणि मान्य केले' या चौकोनावर न वाचता बोट ठेवणाऱ्या आपल्या पिढीने यावर थोडे थांबून विचार करायला हरकत नाही.

पैसे कसे भरायचे?

कर्जाचा मुद्दाही येथेच येतो. ऑनलाइन बुकिंग करताना हप्त्याचा पर्याय आधीपासून निवडलेला दिसतो आणि एकरकमी किंमत शोधावी लागते. व्याज टाळू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी आपल्या देशात पर्याय मर्यादित आहेत. बँकांत इस्लामी पद्धतीची खिडकी सुरू करण्याचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचे २०१७ मध्ये समोर आले. अशा वेळी काही घरे भाऊबंदांकडून बिनव्याजी उसने घेतात, काही दोन वर्षे थांबतात, काही जुनी गाडी घेतात.

'शून्य टक्के व्याज' अशी जाहिरात दिसली, तर रोखीने घेणाऱ्याला किती सूट आहे ते विचारावे. ती सूट हप्त्याच्या ग्राहकाला मिळत नसेल, तर व्याज नाव बदलून आलेले आहे. तसेच गाडीची किंमत कमी आणि बॅटरीचे भाडे दर किलोमीटरला, अशीही योजना आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीसाठी किलोमीटरला ३.५० रुपये अशी जाहीर झाली. शब्द भाड्याचा असला, तरी करार वित्तसंस्थेशी असू शकतो आणि दरमहा किमान वापराची अट असू शकते. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्या घराला ती महागात पडेल.

हिशेबाच्या आणखी काही बाबी. विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे. १० लाखांपेक्षा महाग गाडीवर १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो बिलावर ज्याचे नाव त्याच्या आयकर विवरणपत्रात वळता करून मिळतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ आहे. या सवलती ऑनलाइन घेतलेल्या गाडीलाही तेवढ्याच लागू आहेत. त्या मिळवून देतो म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

कायदा आपल्याला काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम ऑनलाइन खरेदीलाही लागू आहेत. गाडी सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास सरसकट नकार देता येत नाही. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. ग्राहकाची संमती आधीच टिक केलेल्या चौकोनातून गृहीत धरता येत नाही.

मात्र एक गैरसमज दूर करावा. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू, मन बदलले एवढ्या कारणावरून, १४ दिवसांत परत करण्याचा कायदेशीर हक्क ग्राहकाला आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही. मन बदलल्यास काय, हे करारातल्या अटीच ठरवतात.

परदेशातील मुलांसाठी दिलासा असा की, गाडीचे पैसे मुलाने दिले आणि त्याच्या संमतीने वडील ती वापरत असतील, तर कायद्याने वडीलही ग्राहक ठरतात. तक्रारही आता कंपनीच्या गावी जाऊन नव्हे, तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारासाठी जिल्हा आयोग आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी. सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

आणि फसवणुकीपासून सावध राहावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी विजेच्या स्कूटरच्या बनावट संकेतस्थळावरून लोकांना लुबाडणाऱ्या टोळीतील २० जणांना पकडले. कंपनीचे नाव, रंग, चिन्ह सारे हुबेहूब. पैसे मात्र खासगी खात्यात. पैसे गेल्याचे लक्षात येताच एक तासही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

बुकिंगचे बटण दाबण्यापूर्वी

१. गाडी ऑनलाइनच घ्यायची असली, तरी ती एकदा कोठेतरी प्रत्यक्ष चालवून पाहावी. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला मागच्या आसनावर बसवून अर्धा तास फिरवावे.

२. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. निरोपातून आलेल्या लिंकवर पैसे भरू नयेत. व्यक्तीच्या नावाच्या खात्यात एक रुपयाही पाठवू नये.

३. बुकिंगची रक्कम परत मिळते का, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती दिवसांत, हे पाहून त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. नंतर पान बदलते, फोटो बदलत नाही.

४. बॅटरीची हमी वाचावी. साधारणपणे ती ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि गाडी दुसऱ्याला विकल्यास हमी पुढे चालते का, हे दोन प्रश्न विसरू नयेत.

५. नोंदणी आणि विमा शक्यतो गावात राहून गाडी वापरणाऱ्याच्या नावे करावा. आधार व बँकेचे ओटीपी ज्या मोबाईलवर येतात, तो नंबर चालू आणि हाताशी असावा.

६. ताबा घेताना दिवसाउजेडी जावे. चॅसिस क्रमांक बिलाशी जुळवावा. निर्मितीचा महिना-वर्ष पाहावा. टायरच्या कडेवरील चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते, तेही पाहावे. चार्जिंगची केबल लावून गाडी खरोखर चार्ज होते का, हे तेथेच तपासावे. नोंदणी क्रमांकाशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. सर्व ठीक असल्याची सही सर्वांत शेवटी करावी.

डीलरचाही विचार

शेवटी त्या शोरूममधल्या माणसांविषयी. विक्रेता, हिशेबनीस, गाडी धुणारा पोरगा, वर्कशॉपमधला मिस्त्री यांत आपल्याही मोहल्ल्यातली मुले आहेत. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातील गाशा गुंडाळला, तेव्हा कोट्यवधींची गुंतवणूक करून बसलेले डीलर आणि त्यांची माणसे उघड्यावर आली. अमेरिकेसारखा डीलरांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही आणि डीलरांची संघटना त्याची मागणी करते आहे. थेट विक्री वाढली, तर विक्रीच्या टेबलावरची कामे कमी होतील. पण विजेच्या गाडीची यंत्रणा, बॅटरीची तपासणी, चार्जरची जोडणी यांसाठी शिकलेले हात लागणारच. गॅरेज चालवणाऱ्या घरांनी मुलांना आयटीआयमधील विजेच्या वाहनांच्या अभ्यासक्रमाकडे वळवले, तर ज्या बदलाची भीती वाटते, त्यातूनच रोजगार उभा राहील.

ऑनलाइन खरेदीने गाडीच्या भावातली लपवाछपवी कमी केली, हे तिचे मोठे काम. पण गाडी पुढची दहा वर्षे आपल्या दारात उभी राहणार असते आणि त्या दहा वर्षांत हाकेला ओ देणारे कोणीतरी लागते. म्हणून भाव मोबाईलवर पाहावा, गाडी डोळ्यांनी पाहावी आणि सर्व्हिस सेंटरपर्यंतचे अंतर स्वतः मोजून यावे. ही तीन कामे ज्या घराने केली, त्याने बटण दाबून गाडी घेतली काय किंवा शोरूमच्या टेबलावर सही करून घेतली काय, त्या घराला पस्तावण्याची वेळ सहसा येणार नाही.